जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकताना स्क्रीन काळी झाली तर?

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं आणि स्क्रीन काळी पडली, तर पीसी लगेच भंगारात काढू नका. बऱ्याचदा लोचा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. रीस्टार्ट करून मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. तरी नाही जमलं तर मेनूतल्या पहिल्या पर्यायावर 'ई' दाबा, 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द खोडून तिथे 'नोमोडसेट' लिहा आणि एफ10 दाबा.

प्रोसेसर 32-बिट असेल तर मात्र हा उपाय चालणार नाही. मिंट 20 पासून फक्त 64-बिट आहे.

डेस्कटॉप दिसला? थांबा! अजून हार्ड डिस्कला हात लागलेला नाही. आधी बिलिंगचा डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. 'इरेज डिस्क' निवडून इन्स्टॉल केलंत, की विंडोजबरोबर उधारीचा हिशेबही जातो.