जिना चढू की घड्याळ उघडू?

बालमित्रांनो, आज एका खेळाची गंमत सांगते. त्यात चित्र नाही, संगीत नाही, धावणाऱ्या मोटारी नाहीत. पडद्यावर नुसती अक्षरं! तरी खेळताना अंगावर काटा येतो, बरं का.

अशा खेळाला ‘टेक्स्ट ॲडव्हेंचर’ म्हणतात. अमेरिकेतले विल क्राउदर संगणकाचे प्रोग्राम लिहीत आणि सुट्टीत दोर-दिवे घेऊन गुहांत उतरत. १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी केंटकी राज्यातल्या आपल्या ओळखीच्या गुहेवर एक खेळ रचला, तो आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली.

खेळ चालतो कसा? तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, ते संगणक सांगतो. तुम्ही टाइप करायचं, ‘दिवा घे’. संगणक काही फार हुशार नसतो हं! त्याच्यापाशी शब्दांची यादी असते. त्यातलं क्रियापद आणि नाम जुळलं, की कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं उत्तर तो दाखवतो. क्रियापदं कशाला शिकायची, असं विचारणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत!

आता भीतीचं. पडके किल्ले, बंद खोल्या, जुने शाप अशा गोष्टींना इंग्रजीत ‘गॉथिक’ म्हणतात. होरेस वॉलपोल यांच्या १७६४ च्या एका कादंबरीपासून ही परंपरा धरतात. अंधाराच्या गोष्टीला चित्र लागतच नाही. ‘झॉर्क’ नावाच्या खेळात दिव्याशिवाय फिरलात, तर न दिसणारा एक प्राणी तुम्हाला गट्ट करतो. त्याच्या कर्त्यांपैकी डेव्ह लेबलिंग यांनी १९८७ मध्ये ‘द लर्किंग हॉरर’ हा भयखेळ लिहिला. त्यात हिमवादळाच्या रात्री कॉलेजात गृहपाठ पुरा करत बसलेला विद्यार्थी असतो. गृहपाठ आणि भूत एकाच रात्री!

हा खेळ कवितेत रचला तर? मी चौथीच्या वर्गात फळ्यावर करून पाहिला. संगणक मीच. पहिलं कडवं असं लिहिलं:

जुना वाडा, ओली भिंत
बंद घड्याळ बोलेना
वर जिना अंधाराचा
कोण चालतं, कळेना

‘जिना चढ!’ सगळा वर्ग ओरडला. मी लिहिलं:

पाचव्या पायरीवर
थंड वारा आला खाली
हातातली मेणबत्ती
कुणीतरी विझवली

वर्ग चिडीचूप. गोष्टीतली कविता सरळ पुढे जाते. इथे मात्र कोण आधी काय करील, सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक उत्तराचं कडवं स्वतःपुरतं पुरं हवं, आणि आठ अक्षरांची ओळही मोडता कामा नये. सोळा कडवी जुळवताना माझी मधली सुट्टी तीन दिवस गेली.

वर्गात एक मुलगा आहे. वाचताना शब्द गाळायची त्याला सवय. ‘घड्याळ बोलेना’ एवढंच वाचून तो पुनःपुन्हा जिन्याकडे जाई आणि मेणबत्ती विझे. लाल पेनाने सांगून जे झालं नव्हतं, ते चौथ्या वेळी झालं. त्याने फळ्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. ‘बंद’ या शब्दावर थांबला. ‘बाई, बंद का पडलंय ते? घड्याळ उघड!’

चाकांमध्ये अडकली
गंजलेली एक किल्ली
काढताच टिकटिक
साऱ्या वाड्यात घुमली

दुसऱ्या दिवशी एक आई तक्रार घेऊन आल्या, पोर रात्री एकटं परसात जाईना! पालकहो, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हापासून हा खेळ सकाळच्या तासालाच होतो आणि वाड्यात कुणी मरत नाही. फक्त मेणबत्ती विझते.

तुम्हालाही घरी करता येईल. एकाने वही धरून संगणक व्हायचं, दुसऱ्याने दोन शब्दांत हुकूम सोडायचा. आमच्या किल्लीने कुठलं दार उघडतं, ते अजून ठरायचंय. सतरावं कडवं त्या मुलानेच लिहायला घेतलंय. तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त होतंय, म्हणून अडलाय.