मार्थची उभी उडी

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निन्टेंडोचा 2001 चा खेळ. यात जीव संपवायचा नसतो, समोरच्याला मंचाबाहेर भिरकावायचं असतं. म्हणून परत येण्याच्या चालीला इथे मारापेक्षाही जास्त किंमत. माझा आवडता गडी मार्थ, 'फायर एम्ब्लेम'मधला निळ्या केसांचा राजपुत्र. त्याच्या या चालीचं नाव डॉल्फिन स्लॅश. कंट्रोलरची काठी वर, बी बटण, की तलवार उपसून हा पठ्ठ्या सरळ आभाळात!

सेकंदाला साठ फ्रेम धावतात. वार पाचव्याच फ्रेमला बसतो. मार्थची तलवार एरवी टोकाला जास्त लागते, इथे मात्र अगदी अंगाशी, उडी सुरू होतानाच. मंचाची कड धरून वाट बघणाऱ्याची भंबेरी उडते ती त्यामुळेच.

पण चाल उभी आहे, आडवी जवळजवळ नाहीच. लांब फेकला गेलात तर कड दिसते, हात पोचत नाही. वर गेल्यावर मार्थ लुळा पडतो, काहीच करता येत नाही. त्यात मेलीमध्ये एका कडेला एकच जण लटकू शकतो. प्रतिस्पर्ध्याने ती आधीच पकडली, तर मार्थ समोरून सरळ खाली.