पोटदुखी दर वेळी पित्ताचीच नसते

हसनाबाद (ता. भोकरदन) भागात कपाशीवरच्या फवारणीची घाई सुरू झाली, की पोटदुखीच्या तक्रारी कानावर येतात. "पित्त झालं असंल" म्हणायचं, एक गोळी घ्यायची अन् पुन्हा पंप पाठीवर. बहुतेक वेळा निभावतेही. पण वरच्या पोटात उठलेली कळ थेट पाठीत जात असेल, थांबत नसेल आणि उलट्या होत असतील, तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. अशा वेळी रक्त तपासून घ्यावे.

स्वादुपिंड जठराच्या मागे असते. अन्न पचविणारा रस तिथे तयार होतो. पित्ताशयातला खडा खाली सरकून अडकला किंवा दारूने इजा झाली, तर हा रस त्या अवयवालाच पचवू लागतो. रसातले अमायलेज व लायपेज मग रक्तात वाढतात. अहवालात शेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते. तिची वरची बाजू 60 असेल आणि आकडा 180 वा त्याहून जास्त असेल, म्हणजे निदान तिप्पट, तर संशय बळावतो. अमायलेज गालगुंडातही वाढते, म्हणून लायपेज अधिक भरवशाचे. शिवाय अमायलेज तीन ते पाच दिवसांत खाली येते, लायपेज आठवडाभर तरी टिकते. चार दिवस घरी कळा सोसून मग अमायलेज 'नॉर्मल' आले, म्हणून निर्धास्त होऊ नये. आणि आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असेही नाही बरं का.

आता फवारणीचे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे. त्यांच्या विषबाधेत काही रुग्णांच्या स्वादुपिंडालाही सूज येते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. या विषाची रक्ततपासणी वेगळी, कोलिनेस्टरेजची. त्यात आकडा वाढत नाही, घटतो. मात्र लाळ, घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर अहवालाची वाट न पाहता उपचार लागतात. 108 ला फोन करावा.

दवाखान्यात औषधाचा डबा वा लेबल सोबत न्यावे. दारू घेतली असेल तर तेही सांगावे; रुग्ण लाजत असेल तर बरोबरच्याने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगावे.