खुंटावरची खूण

दोन मिनिटांचा सिनेमा : भाग ६

गेल्या भागात कथाबीज एका वाक्यात मावतं का ते तपासलं. आता ते वाक्य घेऊन घराबाहेर पडायचं. थरारपटाची सुरुवात करायची आहे, लांबी दोन मिनिटं. साहित्य म्हणजे एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि हाकेला ओ देणारे चार-पाच मित्र. जागा पाचूबंदर, वसईच्या किल्ल्याला लागून असलेला कोळीवाडा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, काठावर होड्या आणि बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या.

थरारकथेला ही हवा परकी नाही. मराठीत हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारे, झुंजार आणि काळापहाड यांचे जनक बाबूराव अर्णाळकर यांच्या नावातलं अर्णाळा याच तालुक्यातलं, किनाऱ्याने उत्तरेला. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. अशा माणसाच्या मुलखात थरारपट काढायचा तर पहिल्या पानापासून वाचकाला धरून ठेवायची त्यांची सवय आपल्याला लागली पाहिजे.

जागा वसई म्हटलं की मुलं आधी किल्ल्याकडे धावतात. माझा सल्ला : किल्ला सोडा. एक तर तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे चित्रीकरणाला खात्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी बराच आधी अर्ज करावा लागतो. दुसरं, तो पडद्यावर पाहून पाहून गुळगुळीत झाला आहे. हिंदी सिनेमातली गाणी तिथे झाली, आणि २०१६ साली आलेल्या कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकएंड’मध्येही तो दिसतो. पडकी कमान आणि तिच्यातून पळणारी मुलगी हे दृश्य तुम्ही कितीही चांगलं टिपलंत तरी प्रेक्षकाला आधीच्या पन्नास कमानी आठवणार. आणि किल्ल्यातली भिंत काहीच करत नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तेव्हा तिथे काय थरार झाला असेल तो असेल. आज ती भिंत नुसती उभी आहे. थरारपटाला अशी जागा हवी जी स्वतःहून काहीतरी करते.

पाचूबंदरात ते काम पाणी करतं, चोवीस तासांत साधारण दोन वेळा, कुणालाही न विचारता.

आता थोडं शास्त्र, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफोने आल्फ्रेड हिचकॉकची प्रदीर्घ मुलाखत घेतली, तिचं पुढे पुस्तक झालं. त्यात हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे. दोन माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, तो कधी फुटणार हेही सांगितलं, आणि मग त्याच कंटाळवाण्या गप्पा चालू ठेवल्या, तर प्रेक्षक तेवढा सगळा वेळ खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. पात्रापेक्षा प्रेक्षकाला जास्त माहीत असणं, ही थराराची पहिली गुंतवणूक. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८) सुरुवात याचा धडाच आहे : एक हात बॉम्बचा टायमर लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो आणि मग तीन मिनिटांहून जास्त काळ एकही कट न घेता कॅमेरा गर्दीतून त्या गाडीच्या आगेमागे फिरत राहतो.

याची उलटी चालही असते. प्रेक्षकाला सुरुवातीला एखादी गोष्ट अगदी पक्की सांगायची आणि पुढे तीच हलवायची. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून निघालेला ‘मेरा साया’ (१९६६) नायकाच्या पत्नीच्या मृत्यूने सुरू होतो, आणि मग पोलीस एक बाई पकडून आणतात जी म्हणते, तुझी बायको ती मीच. पण ही चाल फळायला पुढे दोन तासांचा सिनेमा लागतो. आपल्याकडे दोन मिनिटं आहेत. आपण बॉम्बवाली चाल घेऊ.

बॉम्ब कुठून आणायचा? तो पाचूबंदरच्या चिखलात आधीच रोवलेला आहे. ओहोटीला काठावर फिरा. होड्या बांधायचे खुंट दिसतील, धक्क्याचे खांब दिसतील. त्यांच्यावर एका ठरावीक उंचीपर्यंत काळसर ओल, शेवाळ, चिकटलेली कालवं. त्याच्या वर कोरडं लाकूड किंवा सिमेंट. ती रेघ म्हणजे पाणी इथवर येतं, ही जागेने लिहून ठेवलेली सूचना. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक चार मीटरच्याही वर जातो, म्हणजे दोन पुरुष उंचीपेक्षा जास्त.

पहिला शॉट त्या खुंटाचा. शेजारून आपली नायिका चालत जाते आणि ओली रेघ तिच्या डोक्याच्या वर आहे. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. ती त्या रेघेकडे बघतसुद्धा नाही, ती बघतेय दूर चिखलात कलंडलेल्या होडीकडे, जिच्यात कुणीतरी तिच्यासाठी एक पिशवी ठेवली आहे. प्रेक्षकाने मात्र रेघ पाहिली. टायमर लागला.

पुढे तोच खुंट, त्याच चौकटीत, मधून मधून आणखी तीन वेळा. दुसऱ्यांदा बुंध्याशी पाण्याची जीभ. तिसऱ्यांदा गुडघाभर. या मधल्या वेळात नायिका पिशवीची गाठ सोडवण्यात गुंतलेली, आणि पाणी तिच्या समोरून येतच नाही. खाडीच्या चिखलात ते आधी खोलगट ओहळांतून आत शिरतं आणि माणसाच्या पाठीमागे पसरतं. चौथ्यांदा खुंटाची रेघ जेमतेम वर, आणि त्यावर सिनेमाचं नाव. पिशवीत काय आहे हे दोन मिनिटांत सांगू नका. मुलांना ते सांगायची फार घाई असते.

पिस्तूल नको, तस्करी नको, आरशात मागे दिसणारा चेहरा नको, गजर वाजून उठणारा नायक तर नकोच. ‘जॉज’च्या (१९७५) पहिल्या दृश्यात शार्क दिसतच नाही, पोहणाऱ्या बाईला दोरांनी इकडून तिकडे ओढलं आणि पाण्याखाली काय आहे ते प्रेक्षकाने स्वतः भरून घेतलं. कोळीवाड्यात तस्कर दाखवणं तर आळशीपणाही आहे आणि यजमानाच्या घरी बसून त्याची बदनामीही.

आता अडचण. खरी भरती येत असताना मुलीला चिखलात उभं करून चित्रीकरण करायचं नाही. एक रिटेक, दोन रिटेक, तोवर पाठीमागचा ओहळ भरलेला असतो. शिवाय पाणी रिटेक देत नाही. ‘तुंबाड’ करणाऱ्यांनी खऱ्या पावसासाठी एकाहून अधिक पावसाळे खर्ची घातले. तुमच्याकडे एक शनिवार-रविवार आहे.

तेव्हा सिनेमा उलटा काढायचा. उतरत्या पाण्यावर, शेवटचा शॉट आधी आणि पहिला शॉट शेवटी. पाणी सतत कमी होत असल्यामुळे कुणी अडकत नाही, आणि संकलनात क्रम फिरवला की पडद्यावर ते वाढताना दिसतं. आणखी एक फायदा : उतरत्या पाण्याने नुकताच उघडा पडलेला चिखल कोरा असतो. पहिल्या शॉटला पावलांचे ठसे नसलेला पट्टा लागणारच आहे, तो आपोआप मिळतो. फक्त त्या बाजूला युनिटमधल्या कुणी पाय टाकायचा नाही, हे आधी बजावून ठेवा.

दिवस निवडायला कालनिर्णय पुरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, म्हणून आपण वद्य तृतीया घेऊ. तिनाची पाऊणपट सव्वादोन, ही दुपारची भरती. तिच्या आधीची भरती साधारण साडेबारा तास मागे, म्हणजे पहाटे पावणेदोन-दोनच्या सुमारास. तिथून उतरायला सहा तासांच्या वर लागतात, म्हणजे आठ वाजता पूर्ण ओहोटी. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात रेंगाळतं, मधल्या दोन तासांत निम्मं निघून जातं. पाचच्या सुमाराला ते निम्म्यावर असेल.

डिसेंबरात इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि साडेसहानंतर झुंजुमुंजू होतं. आता दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून बघा. साडेचारला काळोख आणि भरपूर पाणी. सातला उजेड आणि उघडा चिखल. हे उलटं लावलं की पडद्यावर काय दिसतं? संध्याकाळचा उजेड मावळत जातो आणि पाणी चढत जातं. पहाट संध्याकाळ म्हणून खपते, कारण सूर्य क्षितिजावर येण्याआधीचा उजेड दोन्ही वेळी सारखाच फिकट निळा असतो. एकच पथ्य : पूर्वेचं उजळलेलं आकाश चौकटीत घेऊ नका. पाचूबंदरात सूर्य समुद्रात मावळतो. तुमच्या सिनेमात तो वसई गावाकडे मावळला तर मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाही, पण कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही हसेल.

वद्य तृतीयाच का, शुद्ध का नको? पहाटे चंद्र पश्चिमेच्या आकाशात असतो. त्याचा उजेड मोबाइलला पुरत नाही, पण पाय कुठे टाकावा हे माणसाला दिसतं. हा सगळा हिशेब ठोकळ आहे. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या, आणि त्याहून नेमकी एखाद्या नाखव्याला विचारून. कुठे चिखल पाय धरतो, कुठे टणक आहे, हे कुठल्याही तक्त्यात नसतं. रेकीला दिवसा ओहोटीला जा, तिथल्याच जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि चित्रीकरणालाही तोच सोबत हवा. नायिका गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाणार नाही. कंबरभर पाणी दाखवायचं असेल तर तिने उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसायचं आणि चौकट छातीपासून वर घ्यायची.

उलट्या क्रमाची किंमत कपड्यांत मोजावी लागते. कथेच्या शेवटी ती भिजलेली आहे, म्हणजे चित्रीकरणाच्या सुरुवातीला भिजलेली आणि शेवटी कोरडी. एकाच रंगाचे, एकाच कापडाचे दोन जोड आणा. केस वाळवायला वेळ नाही, म्हणून घट्ट वेणी किंवा ओढणी. पाय धुवायला गोड्या पाण्याचे कॅन. प्रत्येक शॉटनंतर तिचा समोरून, मागून एक फोटो काढायचं काम एकाच मुलाकडे द्या आणि त्याला दुसरं काहीही सांगू नका.

खुंटाचे शॉट वेगळे घ्या. पहिला सोडला तर त्यात नट नाही, म्हणून घाई नाही. ट्रायपॉड कोरड्या जागी रोवा, पाय कुठे होते तिथे खडूने खुणा करा, दर वीस मिनिटांनी तीस सेकंद टिपा. एक वेगळा मोबाइल याच कामाला लावता आला तर उत्तम.

मोबाइलची मांडणी थोडक्यात. सेकंदाला २५ चौकटी, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने धक्क्यावरच्या दिव्यांची फडफड या आकड्यांवर दिसत नाही. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर उजाडताना मोबाइल स्वतःच्या बुद्धीने सगळं सारखं करत बसेल आणि ज्या मावळत्या उजेडासाठी पहाटे तीनला उठलात तोच पुसून टाकेल. काळोखातल्या शॉटना धक्क्यावरच्या दिव्याचा उजेड पाण्यात पडेल अशी दिशा धरा. काळ्या पाण्यावर नुसता काळोख टिपला तर पडद्यावर दाणेदार राखाडी गिचमिड उरते.

आता माणसं. हा कोळीवाडा आहे, सेट नव्हे. पहाटे इथे कामाची वेळ असते, खलाशी येतात-जातात, मासळी उतरते. आधी गावातल्या मच्छीमार संस्थेत जाऊन सांगा, ज्यांची होडी दिसणार त्या नाखव्याची परवानगी घ्या, कॉलेजचं पत्र पोलीस ठाण्यात द्या. २६ नोव्हेंबर २००८ला हल्लेखोर कुलाब्याच्या मच्छीमार कॉलनीत होडीतून उतरले, आणि अनोळखी पोरांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. तेव्हापासून काळोखात काठावर कुजबुजणाऱ्या अनोळखी टोळक्याला कुठल्याही बंदरावर विचारणा होणारच, आणि व्हायलाच हवी. वलांडीखाली, सुकत घातलेल्या मासळीवर पाय पडू देऊ नका. चेहरे टिपायचे तर विचारून. मावशींनी नको म्हटलं की विषय संपला.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून काठावर चढवलेल्या असतात. त्या काळात जागा मोकळी मिळते म्हणून काहीजण तेव्हाच जायचं म्हणतात. जाऊ नका. पावसाळ्यातल्या उधाणाचा भरवसा नाही आणि चिखलात कलंडलेली होडीही मिळणार नाही.

शॉटची यादी करताना पंचवीसच्या वर गेलात तर कात्री लावा. पहाटे साडेचार ते सव्वासात, म्हणजे पावणेतीन तास. एका शॉटला सरासरी साडेसहा मिनिटं. त्यात कपडे बदलणं आलं आणि चहाही. माझ्या मते सोळा शॉट पुरे, त्यातले चार खुंटाचे.

पुढच्या भागात आवाज. लाटांचा आवाज म्हणून तुम्ही जो टिपून आणाल त्यात बहुतेक वारा असेल आणि मधूनच एखाद्या होडीचं इंजिन. त्यातलं काय ठेवायचं, काय घरी बादलीत हात घालून पुन्हा तयार करायचं, ते पाहू. तोवर रेकीला जाऊन खुंट शोधून ठेवा आणि त्याचा फोटो ओहोटीला एक, भरतीला एक, एकाच जागेवरून काढून आणा.