नवा मासा आधी वेगळ्या टबात

२०२० साली मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत १४ दिवस ठेवलं होतं, आठवतंय ना? माणूस ठणठणीत दिसला तरी थांबायचं. व्हाळातून पकडून आणलेल्या शोभेच्या माशालाही तोच नियम. आम्ही तो नुकसान सोसून शिकलो.

आमच्या गटाने व्हाळातले दहा-बारा मासे आणले आणि त्याच संध्याकाळी विक्रीच्या गप्पी माशांच्या टाकीत सोडले. आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. टाकी रिकामी झाली, कर्जाचा हप्ता मात्र चुकला नाही.

हा रोग एका सूक्ष्म परजीवीचा. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी बसतो. तिथे एकाचे शेकडो होतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं समजू नका. कोमट पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, थंड पाण्यात जास्त दिवस लागतात. त्यासाठीच नवा मासा तीन ते चार आठवडे वेगळा ठेवायचा.

मोठा प्लास्टिकचा टब पुरतो. पाणी विहिरीचं घ्या. नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. व्हाळातल्या माशाला वाहत्या पाण्याची सवय, म्हणून हवेचा पंप हवाच. लपायला दगड, फुटकी कौलं ठेवा. वर जाळी बांधा, हे मासे उडी मारतात. टब सावलीत असू दे.

पिशवी १५-२० मिनिटं टबात तरंगू द्या. मग टबातलं पाणी थोडंथोडं पिशवीत घाला. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टबात ओतू नका.

पहिले दिवस तो कोरडं खाद्य ओळखत नाही. गांडुळाचे बारीक तुकडे द्या, हळूहळू कोरड्याची सवय लावा. उरलेलं खाणं काढून टाका आणि रोज थोडं पाणी बदला. या टबाची जाळी, बादली, नळी वेगळीच ठेवा. आधी जुन्या टाकीचं काम करा, नव्या टबाचं शेवटी, मग हात साबणाने धुवा.

मासा दगडाला अंग घासत असेल, पर मिटून बसला असेल, वर येऊन धापा टाकत असेल, तर मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारूनच औषध करा. मधेच एकही मासा आजारी पडला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

आणि दोन गोष्टी. अभयारण्यातून मासे आणू नका. काही जातींना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा आधी वनखात्यात चौकशी करा. टबातला मासा किंवा पाणी परत व्हाळात सोडू नका. आपला रोग व्हाळाला कशाला द्यायचा?

महिनाभर धीर धरा, गटाची टाकी वाचेल.