सेकंड ओपिनियन

दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं ते पहिल्यांवर शंका म्हणून नाही, तर नीट समजून घ्यायचं म्हणून. बाबांची फाईल घेऊन फिरताना मला हे कळलं, आणि थोडं उशिराच कळलं.

मंगळवार, दुपारचे साडेतीन. क्लायंट कॉल रंगात आला होता आणि मोबाईलवर बाबांचा पीएसए रिपोर्ट आला. नॉर्मल साधारण ४ च्या आत. बाबांचा १८६. मध्ये कुठे दशांशचिन्ह राहिलंय का, म्हणून मी दोनदा वाचला. मग कॉल म्यूट केला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले.

चार महिने बाबांची कंबर दुखत होती. साताऱ्यात एसटीत सगळी नोकरी काढलेला माणूस, कंबर दुखणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. रात्री पाच-पाच वेळा उठायचे, ते वयामुळे. पुढे बायोप्सी झाली, ग्लीसन स्कोअर ८ आला. बोन स्कॅनमध्ये दोन मणक्यांत आणि एक कमरेच्या हाडात, असे तीन डाग. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला.

आम्ही गेलो तिथल्या डॉक्टरांनी फाईल चाळली आणि सात मिनिटांत सांगून टाकलं, अंडकोष काढायचं छोटं ऑपरेशन करायचं, परवा ऍडमिट करा. बाबा बाहेर बाकावर बसले होते. आईने त्यांना ‘साधी गाठ आहे’ एवढंच सांगितलं होतं. ‘खरं कळलं तर खचतील गं.’ दादा म्हणाला, ‘सही करून मोकळी हो. डॉक्टर काय खोटं सांगणारेत?’

खोटं सांगत नव्हतेच. पण बघा ना, आपण भाड्याचा फ्लॅट घेताना दहा जागा बघतो, लॅपटॉप घेताना रात्रभर रिव्ह्यू वाचतो आणि वडिलांच्या शरीराचा कायमचा निर्णय सात मिनिटांत?

घाई किती?

मी परत आत गेले आणि एकच प्रश्न विचारला, ‘डॉक्टर, दहा दिवस थांबलो तर नुकसान आहे का?’ ते जरा नाराज झाले, पण म्हणाले, ‘तसं नाही.’

हा प्रश्न तुम्हीही विचारा. या आजारात बहुतेक वेळा दुसरं मत घेण्याइतका अवधी असतो. अपवाद आहेत. पायांतली ताकद जाऊ लागली, बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. लघवी पूर्ण अडली तरी तसंच. अशा वेळी ओपिनियन शोधत बसायचं नाही, जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

मग फाईल. नुसत्या रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक लागतात, कारण नवे डॉक्टर त्या पुन्हा आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेतात. स्कॅनची सीडी, तारखांसकट पीएसएचे आकडे आणि चालू गोळ्यांची यादी, बीपी-शुगरच्या धरून. काउंटरवर ‘कशाला हवंय?’ असा चेहरा झाला. तुम्ही बिचकू नका. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं.

परळ

पहाटेची गाडी पकडून टाटा मेमोरियलला पोचलो. बाबा बोर्डाकडे बघत राहिले. हॉस्पिटलचं नाव वाचल्यावर ‘साधी गाठ’ ही गोष्ट तिथेच संपली. ते काही बोलले नाहीत. बिहार-बंगालहून आलेल्या लोकांच्या रांगेत नंबर लावला आणि मला म्हणाले, ‘चहा घेऊन ये.’

टाटा सुरू झालं १९४१ मध्ये. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं होतं, की अंडकोष काढून पुरुषी हार्मोन थांबवलं की हा कॅन्सर आटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेलं ऑपरेशन काही चुकीचं नव्हतं, फक्त गोष्ट तिथे संपत नव्हती.

नव्या डॉक्टरांनी खुर्ची बाबांकडे वळवली. ‘काका, तुम्हाला काय झालंय हे माहीत आहे का?’

बाबा म्हणाले, ‘कॅन्सर. घरात सगळे हळू बोलायला लागले तेव्हाच कळलं.’

माझी मान खाली. सहा आठवडे आम्ही त्यांना सांभाळत होतो असं आम्हाला वाटत होतं. खरं तर ते आम्हाला सांभाळत होते.

मग डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं. हार्मोन थांबवायचे दोन रस्ते, ऑपरेशन किंवा दर महिन्याची नाहीतर तीन महिन्यांची इंजेक्शनं. परिणाम जवळपास सारखा. काही इंजेक्शनांनी सुरुवातीला हार्मोन उलट वाढतं, म्हणून आधी गोळ्या देतात. मणक्यात डाग असताना हे महत्त्वाचं. पण आता नुसतं एवढ्यावर थांबत नाहीत. सुरुवातीपासूनच ॲबिराटेरॉनसारखी गोळी जोडली तर पेशंट जास्त जगतात, हे २०१७ च्या दोन मोठ्या अभ्यासांतून दिसलं. शिवाय डाग थोडे असतील तर प्रोस्टेटला रेडिएशन देऊनही फायदा होतो, हे २०१८ मध्ये पुढे आलं. बाबांचे डाग तीनच. पहिल्या चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं.

खर्चाचं बोलायला मला लाज वाटत होती. बाबांनी सरळ विचारलं. या गोळीची भारतात स्वस्त जेनेरिक मिळतात. नेहमीचा डोस उपाशीपोटी १००० मिलीग्रॅम, पण नाश्त्याबरोबर २५० मिलीग्रॅमही तितकंच काम करू शकतं, असा छोटा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी बाबांना तसं लिहून दिलं. घरच्या घरी मात्र हा प्रयोग करायचा नाही. पूर्ण डोस पोटभर जेवणावर घेतला तर औषध रक्तात नको इतकं चढतं. स्टेरॉइडची गोळी बरोबर लागते, बीपी, पोटॅशियम आणि लिव्हर तपासत राहावं लागतं.

‘मग काका, ऑपरेशन की इंजेक्शन?’

आम्ही घरी ठरवून आलो होतो, इंजेक्शन. बाबांना ते दुसरं कसं सहन होईल? बाबांनी दोन मिनिटं विचार केला. ‘ऑपरेशन. एकदाच होईल. दर तीन महिन्यांनी कुणाला रजा काढायला नको. आता सत्तराव्या वर्षी मला त्याचं काय!’

म्हणजे सेकंड ओपिनियननंतर ऑपरेशन तेच झालं. पण आता ते बाबांनी ठरवलं होतं, आणि त्याबरोबर गोळी आणि रेडिएशन आलं होतं.

थांबायचं कधी?

तिसरं, चौथं, पाचवं मत आपोआप येतं. आत्याने लक्ष्मणफळाचा रस पाठवला. फॅमिली ग्रुपवर ‘शंभर टक्के खात्री’वाले वैद्य आले. मीही मागे नव्हते. मी ल्युटेशियम थेरपीची प्रिंटआउट घेऊन गेले. डॉक्टर हसले नाहीत. तिला अमेरिकेत २०२२ मध्ये मंजुरी मिळाली ती हार्मोनची नवी औषधं आणि किमो दोन्ही झालेल्यांसाठी, २०२५ मध्ये किमोच्या आधीही. म्हणजे ती पुढची पायरी. ‘लागली तर वापरू,’ ते म्हणाले.

आता मी एक नियम पाळते. नवीन मताने उपचार बदलणार असेल तरच दारोदार फिरायचं. फक्त ‘बरे व्हाल’ हे ऐकायला फिरायचं नाही. हा आजार जाणार नाही, तो आवरून धरायचा आहे, हे आम्हाला स्पष्ट सांगितलेलं आहे.

ताजा पीएसए ०.९ आहे. बाबांना अचानक घाम फुटतो, दुपारी थकतात, पण कंबर दुखत नाही. आकडे ते स्वतः जुन्या डायरीत लिहितात.

परवा त्यांच्या डेपोतल्या मित्राचा फोन आला होता, त्यांचाही रिपोर्ट तसाच आलाय. बाबा त्यांना सांगत होते, ‘आधी स्लाइड्स मागून घे. आणि हे बघ, पोरांना बाहेर बसव, आत तू जा.’