पहिली पाळी म्हणजे वाढीचा शेवट नव्हे

मुलीला पहिली पाळी आली की घरातली आजी म्हणते, 'पोर शहाणी झाली.' कितीतरी घरांत त्याच वर्षापासून स्थळांची चर्चा सुरू होते. शरीर मात्र अजून अर्ध्या वाटेवर असते.

हा गैरसमज जुना आहे. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करायचे, एवढीच ती सुधारणा. पहिल्या ऋतुदर्शनानंतर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे, असे विरोधक म्हणत. संस्कृत पंडित डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधाराने तो दावा खोडून काढला. आज तो खोडायला शरीरशास्त्र पुरेसे आहे.

पहिल्या पाळीनंतरही मुलीची उंची काही सेंटीमीटर वाढते. हाडांमध्ये कॅल्शियम साठत राहते आणि कटीचे हाड उंची थांबल्यावरही रुंदावत असते. याच वयात दर महिन्याला रक्तातून लोह जाते. अशा वेळी गर्भ राहिला, तर वाढणारी आई आणि वाढणारे बाळ एकाच ताटातले घास वाटून घेतात. किशोरवयीन मातांमध्ये झटके येणे, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे यांचे प्रमाण म्हणूनच जास्त असते.

आईच्या शरीराची पूर्वतयारी किती मोलाची, हे पुण्याच्याच संशोधनाने दाखवले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याची बाळे हडकुळी दिसत, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट इथूनच सुरू होते, असे हे संशोधक मानतात. ज्या माता पालेभाज्या, फळे वारंवार खात, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. अनेक मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. म्हणून २०१२ मध्ये याच बाळांना, ती किशोरवयात आल्यावर, ब-१२ देण्याची चाचणी सुरू झाली. पुढच्या पिढीची काळजी गर्भारपणाच्या आधीच घ्यायची, हा तिचा विचार.

पण गोळ्या लग्न थांबवत नाहीत. पैठण तालुक्यातील पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने शाळा सुटलेल्या मुलींसाठी रोज तासभराचा, वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालवला. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच. काही वर्षांतच तिथले लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आपल्या घरातली, शेजारची मुलगी शाळेत टिकू द्या. आठवड्याची लोहाची निळी गोळी आणि वाटीभर पालेभाजी तिला न चुकता मिळू द्या. कुठे अल्पवयीन मुलीचे लग्न ठरते आहे असे कळले, तर १०९८ वर फोन करा. तिची वाढ पुरी होऊ देणे, हे आपल्या हातात आहे.